तेल जाळायला निघालेली विमानं आणि त्यांच्या पोटातलं तेल

मेघदर्शी (धागाकर्ता)

१९ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे बहारीनच्या रिफायनरीवर बाँब पडले. टाकणारे इटालियन. आता नकाशा उघडून बघा, इटली कुठे आणि बहारीन कुठे!

झालं होतं असं. एसएम-८२ नावाची तीन इंजिनांची चार मालवाहू विमानं आदल्या संध्याकाळी रोड्स बेटावरून उडाली. म्होरक्या एत्तोरे मुती, त्या वेळचा फॅसिस्ट पक्षाचा सरचिटणीस. (पक्षाचा सरचिटणीस स्वतः बाँब टाकायला जातो, हे मला अजून पचलेलं नाही.) बहारीनपर्यंत गेल्यावर रोड्सला परतण्याइतकं पेट्रोल उरणार नव्हतं, म्हणून परतायचंच नाही असं आधीच ठरलेलं. बाँब टाकून विमानं नैऋत्येला वळली आणि अख्खा अरबस्तान नि तांबडा समुद्र ओलांडून एरिट्रियात झुलाला उतरली. चार हजार किलोमीटरच्या आसपास उड्डाण. वाटेत एकाची चुकामूक झाली आणि त्याचे बाँब पडले धहरानवर, म्हणजे सौदी अरेबियात. सौदी तेव्हा युद्धात नव्हतंच.

नुकसान? जवळजवळ शून्य.

गेले काही महिने मी असल्याच हल्ल्यांबद्दल वाचतोय आणि प्रत्येक वेळी एकाच हिशोबापाशी येऊन अडकतो. तेल जाळायला जे विमान निघतं, त्याच्या पोटात बाँबपेक्षा तेलच जास्त असतं. १ ऑगस्ट १९४३ ला लिबियातल्या बेंगाझीहून रुमानियातल्या प्लोएश्तवर गेलेली बी-२४ लिबरेटर ही अमेरिकन बाँबफेकी विमानं घ्या. बाँबच्या कप्प्यात जादा टाक्या बसवून प्रत्येकात ३,१०० गॅलन पेट्रोल भरलं होतं, म्हणजे पावणेबारा हजार लिटर. वजन साडेआठ टनांच्या घरात. आणि बाँब? जेमतेम दोन टन. हे सगळं ओझं घेऊन भूमध्य समुद्र ओलांडायचा, अल्बानियाचे डोंगर चढायचे, आणि सैनिक तोफांवर बसलेले असताना झाडांच्या शेंड्यावरून रिफायनरीत शिरायचं. टाकीला एक गोळी लागली की संपलं.

तरी ते गेले, कारण जर्मनी-इटलीच्या तेलातलं सुमारे एक तृतीयांश या एका गावाच्या आसपास तयार होत होतं.

ही मोहीम ('टायडल वेव्ह') जरा सविस्तर सांगतो. १७८ विमानं, पाच गट. उंचावरून टाकलेले बाँब कुठेही पडतात, म्हणून कर्नल जेकब स्मार्ट याने कल्पना काढली की अगदी खालून जायचं, आणि सबंध रिफायनरीवर बाँब न उधळता नेमकं बॉयलर हाऊस, नेमका ऊर्ध्वपातनाचा मनोरा टिपायचा. वाळवंटात रिफायनऱ्यांचे आराखडे आखून आठवडेच्या आठवडे सराव केला. निघताना धुळीचा असा लोट उठला की मागच्याला पुढचा दिसेना. एक विमान उडताच कोसळलं, दुसरं कोर्फूजवळ समुद्रात गेलं. डोंगरांवर ढग लागले तिथे गटांची फाटाफूट झाली. पुढे एक गट, मागे एक गट, आणि रेडिओ बंद ठेवायची सक्त ताकीद. गंमत बघा, जर्मनांना उड्डाणाचा सुगावा आधीच लागलेला होता. मौन पाळलं ते फक्त एकमेकांशी!

मग ती प्रसिद्ध चूक. फ्लोरेश्तीला वळायचं होतं, आघाडीचा गट त्याआधीच्या तर्गोविश्तेला वळला आणि बुखारेस्टच्या दिशेने सुटला. मागच्या गटाचा प्रमुख ॲडिसन बेकर. त्याला डावीकडे लांबवर धुराडी दिसली. त्याने पुढच्याचा माग सोडला आणि आपला गट घेऊन सरळ धुराड्यांकडे वळला. वाटेतच त्याच्या विमानाला मार बसला, आग लागली. त्याने बाँब टाकून दिले पण वाट सोडली नाही, मागच्यांना लक्ष्यापर्यंत पोचवलं आणि मग विमान कोसळलं.

मागून दोन गट बरोबर फ्लोरेश्तीहून वळले. तिथून प्लोएश्तपर्यंत रेल्वेचा रूळ जातो, त्याच्या दोन्ही अंगांनी विमानं निघाली. रुळावर एक मालगाडी त्याच दिशेने धावत होती. डब्यांच्या भिंती खाली पडल्या आणि आतून विमानवेधी तोफा बाहेर आल्या. शेजारून, त्याच उंचीवर, त्याच दिशेने. विमानातले मशीनगनवाले इंजिनावर गोळ्या झाडतायत आणि गाडीवरचे विमानाच्या पोटात.

हे दोन गट पोचले तेव्हा त्यांची लक्ष्यं आधीच पेटलेली होती, कारण वाट चुकलेल्यांनी मिळेल तिथे बाँब टाकले होते. त्यातले बरेच उशिरा फुटणारे. म्हणजे खालून आपलेच बाँब फुटतायत आणि वरून यांना त्यातून जायचंय.

लिबियात परतली ८८ विमानं, त्यातली ५५ मार खाल्लेली. सर्वांत शेवटचं तब्बल सोळा तासांनी. ३१० जण मेले. पाच जणांना मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक), त्यातली तीन मरणोत्तर. एकाच हवाई मोहिमेत इतकी कधीच दिली गेली नाहीत.

आणि रिफायनऱ्या? क्षमतेच्या ४० टक्क्यांच्या आसपास फटका बसला म्हणतात. पण मुळात तिथली सगळी क्षमता वापरातच नव्हती! बंद पडून असलेले भाग चालू केले आणि काही आठवड्यांत उत्पादन पूर्ववत.

माझा प्रश्न असा: दूरच्या तेलावर एकदाच मोठा घाव घालून कधी काही साधलंय का?

कासवगती

वाचनखूण साठवली. मालगाडीचा प्रसंग वाचताना श्वास अडकला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

निवृत्त फिटर

मेघदर्शी, लेख उत्तम. मी विमानातला माणूस नाही, रिफायनरीत मेंटेनन्सला ३१ वर्षं काढली. त्यामुळे खालच्या बाजूने चार शब्द.

टाकी पेटली की फोटो छान येतो. धूर कोसावरून दिसतो आणि वरचा वैमानिक म्हणतो, काम फत्ते. पण टाकीत असतं ते तयार तेल. जळलं तर जळलं, पत्रा वाकला तर नवा लावता येतो. कारखाना तिथे नसतो. कारखाना म्हणजे भट्टी, कॉलम, एक्स्चेंजर, पंप आणि त्या सगळ्यांना वाफ पुरवणारं बॉयलर हाऊस. वाफ गेली की अख्खा प्लांट मुका. त्यामुळे त्या स्मार्ट साहेबाने बॉयलर हाऊस टिपायला सांगितलं, त्याला माझा सलाम. त्याला कुणीतरी आमच्यातल्याच माणसाने समजावलं असणार.

कॉलम काय चीज आहे ते सांगतो. कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवून त्यात सोडतात. आत एकावर एक ट्रे असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. हलकं वर चढतं, जड खाली उतरतं, मधल्या पायऱ्यांवरून रॉकेल, डिझेल काढून घ्यायचं. शटडाऊनला आम्ही मॅनहोलमधून खांदे तिरके करून आत शिरायचो. एकदा एका ट्रेचे क्लॅम्प कुणीतरी ढिले सोडले. प्लांट चालू करताना खाली साठलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली, ट्रे उचकटला, आणि डिझेलच्या लायनीतून काळं यायला लागलं. परत सगळं थंड करा, वाफ मारा, उघडा. सतरा दिवस गेले. बाँब नाही की काही नाही, चार क्लॅम्प!

उलट बाजूही ऐका. कॉलमला भोक पडलं तर ठिगळ मारता येतं. शेजारी बंद प्लांट असेल तर त्याचे ट्रे, त्याचे पंप काढून इकडे लावता येतात. प्लोएश्तला बंद क्षमता होती म्हणताय, मग त्यांच्याकडे सुट्या भागांचं गोदामच होतं म्हणा ना.

मेघदर्शी

फिटरकाका, दंडवत! तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोड: तिथला जर्मन सेनानी आल्फ्रेड गेर्स्टेनबर्ग याने नेमकं हेच ओळखलं होतं. सगळ्या रिफायनऱ्या नळांनी एकमेकींना जोडून टाकल्या. एकीची भट्टी गेली तर तेल दुसरीकडे वळवायचं. शिवाय यंत्रांभोवती जाड भिंती, विमानं अडवायला दोरांनी बांधलेले फुगे, तोफा.

आणि त्याला जागं कुणी केलं? अमेरिकनांनीच. जून १९४२ मध्ये कर्नल हॅल्व्हरसनची तेरा लिबरेटर इजिप्तमधल्या फायिदहून प्लोएश्तवर गेली होती. मुळात ती चीनला जाऊन तिथून टोकियोवर हल्ला करायला निघालेली, वाटेत इकडे वळवली. बाँब इकडेतिकडे पडले, चार विमानं तुर्कस्तानात उतरून अडकून पडली. रिफायनरीला ओरखडा नाही. पण गेर्स्टेनबर्गला वर्षभराची मुदत मिळाली.

तोफगोळा

१९७१ ची कराची कुठाय? ४ डिसेंबरच्या पहाटे जामनगरहून गेलेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी कराची बंदरातल्या किमाडीच्या तेलटाक्या पेटवल्या. आपल्याच लोकांचा उल्लेख नको का?

बंदरवाला

तोफगोळा, टाक्या पेटवल्या कुणी यावर हवाई दल आणि नौदल अजून भांडतायत, इथे नका सुरू करू. त्याच रात्री निपात, निर्घात, वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या, निपातने एक क्षेपणास्त्र टाक्यांच्या दिशेने सोडलं. आठ तारखेच्या रात्री विनाशने आणखी चार सोडली, त्यातलं एक टाक्यांवर. तोवर टाक्या कोण पेटवून गेलं, कोण विझवत होतं, याचा हिशोब ज्याचा त्याने लावावा.

मेघदर्शी

दोघांचंही बरोबर. पण जामनगर-कराची हे 'दूरचं' नाही, म्हणून घेतलं नव्हतं. आणि फिटरकाकांच्या भाषेत ती टाक्यांची आग, कारखान्याची नव्हे. अर्थात युद्ध दोन आठवड्यांचं असेल तर टाकीतलं तयार तेलच महत्त्वाचं, कारखाना दुरुस्त होईतो युद्ध संपलेलं असतं. हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं.

तोफगोळा

हे पटलं. मग ठीक.

बंदरवाला

आता माझ्या आवडीचं. पालेम्बांग, सुमात्रा. मुसी नदीवर प्लाजू आणि सुंगाई गेरोंग या दोन रिफायनऱ्या, आग्नेय आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने चक्क हवाई छत्रीधारी उतरवून त्या ताब्यात घेतल्या. जाळण्याऐवजी पकडायच्या होत्या, कारण युद्धच मुळी तेलासाठी.

१० ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळच्या चायना बे धावपट्टीवरून ५४ अमेरिकन बी-२९ बाँबफेकी विमानं उडाली. ही विमानं मूळची खरगपूरच्या आसपासच्या तळांवरची, मुद्दाम या मोहिमेसाठी खाली आणलेली. जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरच्या वर, समुद्रावरून, अठरा-एकोणीस तास. ३९ लक्ष्याच्या परिसरात पोचली. रात्र, ढग, काळोख. नक्की उद्ध्वस्त झाली ती एक इमारत. एक!

पण ऐका. त्यातली आठ विमानं रिफायनरीवर गेलीच नाहीत. ती नदीवर उतरली आणि प्रत्येकी दोन पाणसुरुंग टाकून आली. त्या सोळा सुरुंगांनी तीन जहाजं बुडवली, दोन जखमी केली. रिफायनरी तिथेच, तेल तिथेच, पण नदी अडली तर तेल जाणार कुठून? माझ्या मते अख्ख्या मोहिमेत कमाई केली ती या आठांनी.

सुगंधा_क

बंदरवाला, हे माहीतच नव्हतं. प्लोएश्तच्या बाबतीतही असं काही झालं का? तिथलं तेलही नदीनेच जात असणार ना, डॅन्यूब?

आणि मेघदर्शी, एक टोचलं. ३१० वैमानिक मेले हे लिहिलंत. खालचे?

मेघदर्शी

सुगंधाताई, टोचलं ते बरं झालं. एक लिबरेटर प्लोएश्तमधल्या बायकांच्या तुरुंगावर कोसळलं. तीन मजली इमारत पेटली, आतल्यांना पळायला वाट नव्हती. या मोहिमेच्या वर्णनांत हा प्रसंग बहुतेकदा एका ओळीत उरकलेला असतो. मीही तेवढंसुद्धा लिहिलं नव्हतं.

डॅन्यूबबद्दल: हो. एप्रिल १९४४ पासून ब्रिटिश विमानं रात्री खाली येऊन डॅन्यूबमध्ये सुरुंग टाकायला लागली. तेलाचे पडाव अडकले. आणि तेव्हाच अमेरिकनही प्लोएश्तला परतले, पण बेंगाझीहून नाही. मधल्या काळात इटलीचा दक्षिण भाग हाती आला होता, फोज्जाच्या मैदानात तळ पडले होते. तिथून प्लोएश्त साधारण ९०० किलोमीटर. सोबतीला लढाऊ विमानं येऊ शकतात, बाँब जास्त नेता येतात, आणि मुख्य म्हणजे चार दिवसांनी परत जाता येतं. एप्रिल ते ऑगस्ट ते जातच राहिले. खालून धुराची यंत्रं लावून जर्मनांनी अख्खं गाव झाकायचा प्रयत्न केला. दोनशेहून जास्त बाँबफेकी विमानं पडली. पण ऑगस्टअखेर रशियन फौजा शिरल्या तेव्हा प्लोएश्तमधून तेल निघणं जवळपास थांबलं होतं.

म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतंय: १९४३ ला वैमानिकांचं धाडस जास्त होतं, १९४४ ला धावपट्टी जवळ होती. जिंकली धावपट्टी.

बंदरवाला

पालेम्बांगलाही तेच. जानेवारी १९४५ मध्ये ब्रिटिशांनी धावपट्टीच समुद्रातून जवळ नेली. ॲडमिरल व्हायनच्या हाताखाली चार विमानवाहू जहाजं, २४ तारखेला प्लाजू, २९ तारखेला सुंगाई गेरोंग. फुग्यांच्या दोरांमधून अव्हेंजर विमानं खाली शिरली. जे त्या ५४ महाकाय विमानांना जमलं नाही ते एका इंजिनाच्या विमानांनी दिवसाढवळ्या केलं.

खडूफळा

दूर-जवळ सोडा, 'पुन्हा जाणं' किती लागतं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण लॉयना. जर्मनीतला कोळशापासून कृत्रिम पेट्रोल करणारा सर्वांत मोठा कारखाना. १२ मे १९४४ ला अमेरिकन विमानं पहिल्यांदा गेली, कारखाना बंद. दहा दिवसांत थोडा चालू. २८ मेला परत बंद. ३ जूनला परत थोडा चालू, जुलैच्या सुरुवातीला ७५ टक्क्यांवर. ७ जुलैला परत मारलं. असे एकूण २२ हल्ले, साडेसहा हजारांवर विमानफेऱ्या. पुरं वर्ष लागलं. या सगळ्या काळात कारखाना सरासरी ९ टक्के क्षमतेने चालला.

जर्मनीने दुरुस्तीला साडेतीन लाख माणसं लावली होती. त्यांत सक्तीने आणलेले किती, हा वेगळाच धागा होईल. तरी कृत्रिम कारखान्यांतून निघणारं विमानाचं पेट्रोल एप्रिलमधल्या १,७५,००० टनांवरून सप्टेंबरमध्ये ५,००० टनांवर आलं. विमानं होती, वैमानिकाला शिकायला उडवायला पेट्रोल नव्हतं. शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट श्पेअरने पुढे लिहिलं की तंत्रज्ञानाचं युद्ध १२ मेलाच ठरलं.

कासवगती

विमानं आहेत, पेट्रोल नाही, म्हणून शिकाऊ पोरं कच्ची, म्हणून विमानं पडतात, म्हणून कारखान्यांना संरक्षण नाही, म्हणून पेट्रोल नाही. काय चक्र आहे!

उलटतपासणी

सगळे एकाच सुरात गातायत म्हणून मी बेसूर होतो. 'पुन्हा पुन्हा जा, म्हणजे बंद पडतं' हा नियम असेल तर इराण-इराक युद्धातल्या खार्ग बेटाचं काय? इराणचं बहुतांश कच्चं तेल तिथूनच जहाजांत भरलं जायचं. इराकी तळांपासून फार लांबही नाही. ऑगस्ट १९८५ पासून इराकची विमानं महिनोन्महिने तिथे जात राहिली. तेल कधी पूर्ण थांबलं? नाही.

इराणने काय केलं, तर खार्गहून स्वतःच्या जहाजांनी तेल खाली आखाताच्या तोंडाकडे सिरी बेटापाशी न्यायचं आणि तिथे परदेशी जहाजांत ओतायचं. इराकचा हात तिथे पोचणार नाही हा हिशोब. १२ ऑगस्ट १९८६ ला मिराज विमानं हवेतल्या हवेत एकमेकांकडून पेट्रोल घेत सिरीला पोचली. इराणने ओतायची जागा आणखी पुढे, होर्मुझजवळ लारकला नेली. २५ नोव्हेंबरला मिराज तिथेही पोचली. आखाताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मेघदर्शींचं 'पोटातलं तेल' हवेतच बदलत. तरी इराणचं तेल चालूच.

मेघदर्शी

उलटतपासणी, मानलं. खार्ग माझ्या हिशोबात बसत नाही. मला वाटतं एक फरक आहे: खार्ग हा कारखाना नव्हे, नळ आणि धक्के आहेत. एक धक्का गेला तर दुसऱ्यावर जहाज लावा. फिटरकाका म्हणतात तशी 'वाफ' तिथे एका जागी नाही.

निवृत्त फिटर

बरोबर. नळाला भोक पडलं तर वेल्डर दोन दिवसांत नीट करतो. कॉलमला वेल्डर पुरत नाही. आणि फार पूर्वी एक ब्रिटिश अधिकारी रुमानियात हातोडा घेऊन हिंडला होता ना? ती गोष्ट आमच्या एका इंजिनियर साहेबांनी सांगितली होती, नाव विसरलो.

खडूफळा

जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स, १९१६ चा हिवाळा. जर्मन फौजा येण्याआधी याने प्लोएश्तच्या परिसरातल्या रिफायनऱ्या आणि विहिरी नासवल्या. विहिरींत लोखंड-दगड कोंबले, तेल पेटवून दिलं, आणि यंत्रांवर स्वतः घण घातला. सत्तर रिफायनऱ्या आणि आठ लाख टन तेल असा आकडा सांगतात. म्हणजे सत्तावीस वर्षांनी १७८ विमानं ज्या गावावर गेली तिथे आधी एक माणूस घण घेऊन जाऊन आला होता. जमिनीवरून, एकेका व्हॉल्वपाशी उभं राहून. नेम चुकायचा प्रश्नच नाही! तरी जर्मनांनी नंतर विहिरी चालू केल्याच.

अवांतर: 'पोहोच' वाढवायचा सर्वांत विचित्र जुगाड सोव्हिएत. जुलै १९४१ मध्ये टीबी-३ या अवजड विमानाच्या पंखांखाली दोन-दोन लढाऊ विमानं लटकवून काळ्या समुद्रावर नेली. रुमानियाच्या कॉन्स्टान्त्सा बंदराजवळ पोचल्यावर ती सुटली, तिथल्या तेलाच्या ठाण्यावर बाँब टाकले आणि स्वतःच्या पेट्रोलवर परत. मांजरीने पिल्लू तोंडात धरून न्यावं तसं.

पाचवा गिअर

आजचं कुणीच बोलत नाहीये म्हणून मी. युक्रेनचे ड्रोन बघा. एप्रिल २०२४ मध्ये रशियातल्या निझ्नेकाम्स्कच्या रिफायनरीपर्यंत, मेमध्ये सालावातपर्यंत, हजार किलोमीटरच्या पुढे. रियाझानच्या रिफायनरीवर तर किती वेळा गेले याची मोजदाद ठेवायला लागेल. बाँब केवढा? पन्नास-पाऊणशे किलोचा. त्या बी-२४ च्या दोन टनांपुढे चणा. पण नेमका मनोऱ्यावर. मोठमोठ्या टाक्यांकडे ढुंकून न बघता ऊर्ध्वपातनाच्या कॉलमवर जातात, व्हिडिओत दिसतं.

आणि मेघदर्शींच्या हिशोबात एक गोष्ट पार उलटी झालीय. ड्रोनला परत यायचं नसतं. परतीचं तेलच नको! त्या मुतीने रोड्सला परतायचं सोडून एरिट्रिया गाठलं, हे कुठेच उतरत नाहीत.

निवृत्त फिटर

मीही ते व्हिडिओ बघतो, आणि खरं सांगू, बघवत नाहीत. कॉलमच्या मधोमध आपटलं की माझ्या डोळ्यांपुढे आतले ट्रे येतात. तिथे कुणीतरी रात्रपाळीला असतो. फर्नेसच्या भोकातून ज्योत कशी आहे बघायला दर तासाला एक ऑपरेटर जातो, जावंच लागतं.

रियाझानला वारंवार जातात ते बरोबर. दुरुस्त करून चालू करायच्या दिवशी मारलं की मागची सगळी मेहनत पाण्यात. हे ज्याला कळतं त्याच्याकडे कुणीतरी फिटर आहे.

उलटतपासणी

मार्च २०२४ मध्ये रशियाने पेट्रोलच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी जाहीर केली होती, एवढा परिणाम मान्य. पण युद्ध थांबलं का?

पाचवा गिअर

लॉयनालाही वर्ष लागलं होतं, आणि तेव्हा जमिनीवरून दोन्ही बाजूंनी फौजाही येत होत्या. नुसत्या तेलावर कुणी युद्ध जिंकल्याचं मलाही आठवत नाही.

सुगंधा_क

एक शेवटचं विचारते. ज्यांची विमानं पडली आणि जे पकडले गेले, त्यांचं पुढे काय?

मेघदर्शी

प्लोएश्तवाल्यांचं विचाराल तर टायडल वेव्हमधले १०८ जण पकडले गेले, १९४४ मध्ये त्यात शेकड्यांनी भर पडली. २३ ऑगस्ट १९४४ ला रुमानियाने बाजू बदलली. बुखारेस्टमध्ये हजाराहून जास्त अमेरिकन कैदी, गावात गोंधळ, वरून आता जर्मन बाँब टाकतायत. इटलीतल्या तळाला कळवायचं कसं? तेव्हा रुमानियन वैमानिक कॉन्स्टांतिन कांताकुझिनो याने आपल्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचा रेडिओ काढला, मागच्या पोकळ भागात लेफ्टनंट कर्नल जेम्स गन या अमेरिकन कैद्याला कोंबला, आणि विमानावर अमेरिकेचा झेंडा रंगवून तो फोज्जाला घेऊन गेला. ज्या तळावरून प्लोएश्तवर बाँब टाकायला विमानं यायची, तिथेच. काही दिवसांत बी-१७ विमानांनी अकराशेहून जास्त लोकांना बुखारेस्टहून परत नेलं. ९०० किलोमीटर, आणि या वेळी बाँबच्या कप्प्यात माणसं.

बंदरवाला

पालेम्बांगच्या जानेवारी १९४५ च्या हल्ल्यांत पकडलेले नऊ ब्रिटिश नौदल वैमानिक आणि सहकारी सिंगापूरला नेले होते. ऑगस्टमध्ये त्यांना मारून टाकलं.